पिशोरच्या लिंकवरचं नाव

सुकेशनी खरातला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या टेबलाखाली पालथी पडून वायर जोडत होती. मला नुसते तिच्या चपलांचे तळ दिसले. माझ्या हातात रक्ताच्या नळ्यांचा ट्रे होता.

"कोण आहे खाली?"

"भाऊ, हलू नका. तुमचा पाय वायरीवर आहे."

मी एका पायावर उभा राहिलो. ती बाहेर आली, कोपराची धूळ झटकली आणि माझ्याकडं न बघता आधी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघितलं. पैठणच्या केंद्राची यादी उघडली होती. मग हसून म्हणाली, "आता ठेवा पाय."

हे दोन हजार तेराच्या उन्हाळ्यातलं. उस्मानपुऱ्यात आमची गिरजा लॅब होती. रक्त, लघवी, थुंकी तपासायची. मी तिथं तपासनीस, तोवर सोळा वर्षं झालेली. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. वाळूजला कारखाने, सातारा-देवळाईकडं माळावर फ्लॅटच्या रांगा, आणि त्या रांगांना पाणी टँकरचं. माणसं वाढली तशी आमच्या लॅबची केंद्रंही वाढली. पिशोर, कन्नड, सिल्लोड, फर्दापूर अशी अकरा. केंद्रात रक्त काढायचं, नळ्या गाडीनं शहरात यायच्या, आम्ही तपासायचो आणि रिपोर्ट लाइनीवरून परत केंद्रात जायचा. ही लाइन सांभाळायला सुकेशनीला घेतलं होतं.

तिचे वडील कचरू गवंडी होते. बहात्तरच्या दुष्काळात आईबापाच्या कडेवर बसून शहरात आले, खडी फोडणाऱ्यांच्या पालात वाढले, पुढं देवळाईच्या फ्लॅटांच्या भिंती बांधल्या. आई पारूबाई एका शाळेत खिचडी शिजवायची. सुकेशनीनं तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला होता. पर्समध्ये पावडरीऐवजी वायर कापायची पक्कड असायची. प्रत्येक वायरीला ती मराठीत चिठ्ठी लावायची, ठसठशीत अक्षरात: "सिल्लोड. ओढू नये." बोलायला रोखठोक, आणि कामात चूक सापडली की स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारून घ्यायची.

वर्षभरात तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. डबा खाताना मला म्हणाली, "बद्रीभाऊ, आपले रिपोर्ट उघड्या टेम्पोतून जातात."

"म्हणजे?"

"लाइन आपली नाही. मधे दुसऱ्याचे टॉवर, दुसऱ्याच्या वायरी. त्यावरून आपलं सगळं जसंच्या तसं जातं. नाव, गाव, वय, आजार. मधल्या कुणीही वाकून बघावं. दोन्ही टोकांना कुलूप बसवता येतं. इथून निघताना अक्षरांचा चुरा व्हायचा, तिथं पोचल्यावर परत अक्षरं व्हायची. मधल्याला नुसता चुरा दिसंल."

तिनं डॉक्टरसाहेबांना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितलं. मी तिथंच उभा होतो. साहेब म्हणाले, "अगं, लोकांच्या लघवीच्या रिपोर्टात कोणाला रस आहे?" वर आमची केंद्रातली यंत्रं जुनी. कुलूप लावायचं काढायचं काम त्यांना झेपणार नव्हतं, रिपोर्ट हळू गेले असते. "पुढं बघू," साहेब म्हणाले. सुकेशनीनं दोनदा आठवण केली. मग वाळूजचं केंद्र उघडायची घाई झाली, आणि तिनंही तो विषय सोडला. हे तिनं नंतर मला शंभरदा तरी ऐकवलं असेल, "मी सोडला."

सोळा साल उजाडलं तेव्हा सलग दुसरा दुष्काळ होता. पिशोरकडच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. गावागावात टँकर आला की विहिरीत पाणी सोडायचे आणि बाया कडेनं उभ्या राहून शेंदायच्या. मार्चात पिशोरची लिंक तुटायला लागली. तिथलं केंद्र मालनबाई सांभाळायच्या. विधवा बाई, हात असा हलका की रक्त काढताना लेकरू रडायचं नाही. त्यांचा रोज फोन यायचा, "सुकेशनी पोरी, रिपोर्ट अर्धाच येतो. पेशंट बोंबा मारतात."

सुकेशनी निघाली. पिशोरच्या अलीकडं एका टेकडीवर टॉवर होता, खाली पत्र्याची खोली. टॉवर एका खाजगी इंटरनेटवाल्याचा, आणि त्याची राखण कडुबा करायचा. कडुबा मेंढपाळाच्या घरचा. त्याच टेकडीवर त्यानं पंधरा वर्षं मेंढ्या चारल्या होत्या. चारा संपला, मेंढ्या विकल्या, टेकडीवर टॉवर आला, आणि तो टॉवरवर लागला. साधा माणूस. सुकेशनीला बघून त्यानं आधी आपल्या कळशीतलं पाणी पुढं केलं.

तिच्या लॅपटॉपची बॅटरी उतरलेली, लाइट गेलेली. खोलीतला कॉम्प्युटर तेवढा इन्व्हर्टरवर चालू होता. लाइनीवरून जे जातं ते पकडून ठेवणारं सॉफ्टवेअर तिनं त्याच्यावर टाकलं आणि वीस मिनिटं पकडत बसली. कडुबा शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"हे काय, म्याडम?"

सुकेशनीला शिकवायची हौस. तिनं सांगितलं, "रिपोर्ट एकदम जात नाही, कडुबादादा. त्याची लहान लहान पाकिटं होतात. हे बघा, ह्या काळ्या ओळी म्हणजे वाटेत हरवलेली पाकिटं. आणि हे दाबलं की पाकिटाच्या आतलं दिसतं."

"आरं तिच्या!" कडुबा हरखून गेला. "म्हंजी ह्या वायरीतून जातंय ते दिसतं व्हय?"

"दिसतं की. दाबा तुम्ही."

त्यानं दाबलं. आधी काहीबाही आकडे आले. सुकेशनीनं खाली सरकवलं, आणि पडद्यावर एक नाव आलं. नाव, वय तेवीस, गाव, त्याखाली तपासणीचं नाव, त्याखाली निकाल.

तिचं खरं नाव मी लिहिणार नाही. अमृता म्हणू.

एचआयव्हीची तपासणी होती. ती मीच केली होती, पद्धतीप्रमाणे तीनदा. रिपोर्टावर पूर्ण नाव छापायची रीतही आमचीच.

सुकेशनीनं झटकन ती खिडकी बंद केली. कडुबाला वाचता आलं की नाही, तिला कळलं नाही. मग तिनं बाहेर जाऊन वर चढणारी वायर तपासली. उन्हानं तिचं वरचं कातडं तडकलं होतं. ती बदलली आणि लिंक पहिल्यासारखी झाली. टॉवरवाल्याला पुरावा दाखवायचा म्हणून तिनं पकडलेली फाइल ठेवून घेतली होती. पेनड्राइव्हवर उतरवली. कडुबाच्या कॉम्प्युटरवरून मात्र पुसायची राहिली. खाली रस्त्यावर कन्नडची बस दिसली होती आणि पुढची दोन तासांनी होती. ती पळत टेकडी उतरली.

फाइलीला नाव पण दिलेलं होतं. "पिशोर."

चौथ्या दिवशी सकाळी मालनबाईंचा फोन आला. रिपोर्ट केंद्रात येऊन छापून पडला होता, पण अमृतानं बाजाराच्या दिवशी नेते म्हणून सांगितलं होतं. पहिलटकरीण होती, तिसरा महिना. सगळ्या तपासण्या डॉक्टरनं लिहून दिल्या होत्या. बाजाराच्या दिवशी ती केंद्रात आली ती रडतच. त्याच्या आधी गावाला ठाऊक होतं.

"टँकर आला तव्हा हिचा हंडा बायांनी बाजूला काढून ठेवला," मालनबाई सांगत होत्या. "म्हणल्या, आमच्या पाण्यात तुझा दोर नको. ही बिचारी इचारती, कामून? तर कोणी सांगंना. सासूनं घरी येऊन सांगितलं. मी तर पाकीट सुद्धा उघडलं नव्हतं गं पोरी. हिनं इथं उघडलं."

सुकेशनीनं फोन खाली ठेवला. मला म्हणाली, "बद्रीभाऊ, मी जरा पिशोरला जाऊन येते." तिला तेव्हाच समजलं होतं.

टेकडीवर कडुबानं लपवाछपवी केली नाही. त्याला आपण काही वाईट केलं हेच उमगलं नव्हतं.

"तुमीच शिकवलं ना, म्याडम. तुमी गेल्यावर दुपारभर मी तेच बघत बसलो. एकेक दाबायचं न् वाचायचं. तर आमच्याच भावकीतली सून निघाली. मला धसकाच बसला."

"कोणाला सांगितलं?"

"कोणाला नाय. बायकोला बोललो फक्त."

सुकेशनीनं ती फाइल पुसली, सॉफ्टवेअर काढलं, कॉम्प्युटर तीनदा तपासला. खाली गावात टँकर आलेला दिसत होता. विहिरीच्या कडेला रंगीत लुगडी गोल उभी होती. ती म्हणायची, मी तिथून हललेच नाही, कुणाचा हंडा बाजूला आहे का ते शोधत राहिले. एवढ्या लांबून हंडा दिसतो होय? पण तिला दिसत होता.

इकडं लॅबमध्ये डॉक्टरसाहेबांनी सरळ हिशेब लावला होता. केंद्रात मालनबाईंशिवाय दुसरं कोणी नाही, म्हणजे बातमी त्यांनीच फोडली. त्यांना बोलावून घेतलं. मालनबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "साहेब, मी लेकराची आण घेते," एवढंच म्हणत होत्या. साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

तेवढ्यात सुकेशनी आत आली. पायात धुळीच्याच चपला.

"सर, मावशींनी काही केलं नाही. मी केलं."

तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. फाइल, शिकवणं, बस. मधे एकदाही थांबली नाही. खोलीत आम्ही चौघं होतो. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत लावत बसले. मग म्हणाले, "हे या खोलीबाहेर जायला नको. मालनबाई, तुम्ही कामावर या. सुकेशनी, ते कुलपाचं काय म्हणत होतीस, ते ताबडतोब सुरू कर. लागतील ती यंत्रं घे."

ती म्हणाली, "सर, हे दोन वर्षांपूर्वी..." आणि दाराकडं वळली. बाहेर आल्यावर मालनबाईंनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. कुणी माया केलेली तिला सोसत नव्हती.

घरी तिनं आईला सांगितलं. पारूबाई भाकरी थापत होत्या. त्या ऐकत राहिल्या, तव्यावरची भाकरी जळाली तरी उलटली नाही. त्यांच्या आईला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. कडेला हात जोडून बसायचं, कुणाला दया आली तर वरून ओंजळीत पाणी ओतायचे. हे सुकेशनी लहानपणापासून ऐकत आली होती.

"तुला पाण्याचं सांगायला नको," पारूबाई म्हणाल्या. आणि तव्यावरची भाकरी काढून बाजूला ठेवली.

एप्रिल ते ऑगस्ट ती त्या एकाच कामात होती. वाळूज धरून बारा केंद्रांना नवी यंत्रं, प्रत्येक केंद्राची किल्ली वेगळी, किल्ली दर तासाला आपोआप बदलणारी. म्हणजे एखादी कुणाच्या हाती लागलीच तर तासाभराच्या पलीकडचं काही उघडायचं नाही. काम सोपं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सिल्लोडला छोटे रिपोर्ट जायचे आणि रक्ताच्या स्लाइडचे फोटो मधेच अडकायचे. दोन दिवस तिला कारण सापडेना. मग कपाळावर टिचकी मारली. कुलूप लावलं की प्रत्येक पाकिटावर दुसरं पाकीट चढतं, ते थोडं जाड होतं, आणि वाटेतलं एखादं यंत्र एवढं जाड पाकीट घेत नाही. तिनं मूळ पाकिटंच बारीक करून टाकली. फोटो जाऊ लागले.

फर्दापूरला भलताच घोळ झाला. तिथं लाइट जाऊन आली की यंत्राचं घड्याळ कित्येक वर्षं मागं जायचं. समोरच्या यंत्राची ओळख पटवायचा जो दाखला असतो, त्यावरची तारीख मग त्याला पुढच्या काळातली वाटायची. ते म्हणायचं, हा दाखला अजून निघालेलाच नाही, मी ओळखत नाही. आणि लिंक बंद. सुकेशनी मला हे सांगताना हसली नाही. म्हणाली, "भाऊ, मला त्या घड्याळाचा हेवा वाटला. लाइट गेली न् मागं गेलं."

काम पुरं झालेल्या प्रत्येक लिंकवर ती परत तेच सॉफ्टवेअर लावायची आणि मधून जाणारं पकडून बघायची. पडद्यावर नुसता चुरा. अर्थ नसलेली अक्षरं, चिन्हं, ठिपके. तेवढं बघितलं की काम झालं, उठावं. पण ती उठायची नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो आणि ही पडद्याला नाक लावून बसलेली. एकदा मी पाठीमागं जाऊन उभा राहिलो. ओठ हलत होते.

"काय वाचतेस? ह्यात काय आहे?"

"काही नाही."

"मग?"

"ते नाव येतंय का बघते."

मी समजावलं, की बाई, तू स्वतःच कुलूप लावलंस, आता कसं येईल? तिनं पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. एक अक्षर इथं, चार अक्षरं सोडून दुसरं तिथं, खालच्या ओळीत तिसरं. जोडून वाचलं तर खरंच ते नाव होत होतं. हजारो अक्षरांच्या चुऱ्यात कुठलंही नाव जुळवता येतं, हे तिलाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मी तिच्या पडद्याकडं बघणं टाळू लागलो.

कुणी हाक मारली की दचकायची. एकदा लॅबच्या दारात एका बाईनं आपल्या पोरीला हाक मारली, तेच नाव. सुकेशनीच्या हातातली पक्कड खाली पडली. बाई गेली, पोर गेली, ही तिथंच. वायरींना चिठ्ठ्या लावणंही तिनं बंद केलं. नुसते आकडे लिहायची. म्हणायची, नाव लिहायला नको वाटतं.

अमृता माहेरी गेल्याचं मालनबाईंकडून समजलं होतं. माहेर फर्दापूर. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांसाठी तिथं रस्त्याला खानावळी आहेत, त्यातल्या एकीत ती भाकरी करायची. खानावळवाल्या साळूबाई तिच्या मावशीच्या ओळखीच्या. त्यांना आजाराचं ठाऊक होतं, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शहरातल्या घाटीच्या सरकारी दवाखान्यातून औषधं सुरू झाली होती.

फर्दापूरच्या केंद्राचं काम निघालं तेव्हा सुकेशनी त्या खानावळीत जेवायला गेली. चुलीपुढं बसलेली पोटुशी बाई बघितली. पिठलं-भाकरी खाल्ली आणि काही न बोलता परत आली. दुसऱ्या खेपेलाही तसंच. तेव्हा अमृता स्वतः वाढायला आली होती, "ताई, अजून घ्या," म्हणाली होती, आणि सुकेशनीनं वर न बघता ताट पुढं केलं होतं.

तिसऱ्या खेपेला ती दुपारची गर्दी ओसरेपर्यंत थांबली. पाऊस झाला होता त्या साली, डोंगर हिरवा होता. खानावळीच्या मागं अमृता परात घासत होती.

"मी गिरजा लॅबमधून आले," सुकेशनी म्हणाली.

अमृताचा हात थांबला. "आता काय राहिलंय तिथं माझं?"

सुकेशनीनं सांगितलं. साहेबांपुढं सांगितलं तसंच, काही न वगळता. कडुबाचं नाव मात्र तिनं घेतलं नाही. टॉवरवर माझ्या हातून राहिलं, एवढंच म्हणाली.

अमृतानं परातीतलं पाणी ओतून दिलं. मग तिनं विचारलं, "म्हंजी तुमी माझं वाचलं?"

"हो."

"माझ्या आधी?"

"हो."

"किती आधी?"

"दोन दिवस."

अमृतानं परात पालथी घातली आणि तिच्यावरच बसली. "त्या दोन दिवसांत मी लई खुशीत होते, ताई," ती म्हणाली. "सासू भरला हंडा उचलू देत नव्हती. म्हणायची, राहू दे, तुला जड हाय. नवरा चिंचा घेऊन आला होता. मी म्हणलं, माझ्यासारखी नशिबाची कोणी नाय." तिनं पदराला हात पुसले. "तेवढेच दोन दिवस मला आठवायला होते. आता ते बी गेले. आता आठवलं की मला वाटंल, मी हसत होते न् कुणीतरी बघत होतं."

सुकेशनी रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. ती म्हणाली, "माफी मागायला आले होते."

"काय करू मी तुमच्या माफीचं?" अमृतानं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच काय करायचं असतं, असं विचारल्यासारखं. "माझा हंडा परत मधे ठेवतील का त्या?"

"नाही."

"नवरा येतो अधूनमधून. सासू येऊ देत नाय, तरी येतो. तेवढं हाय." मग थोड्या वेळानं, "आता दुसऱ्या कुणाचं असं दिसंल का वाटेत?"

"नाही दिसणार. कुलूप लावलंय सगळीकडं."

"किल्ली कोणापाशी?"

"यंत्रापाशी. दर तासाला बदलते. माझ्यापाशी पण नाही."

"खरं सांगता?"

सुकेशनी अडखळली. खोटं बोलून निभावून गेलं असतं. ती म्हणाली, "वाटेत कुणालाच दिसत नाही. पण लॅबमध्ये जिथं सगळे रिपोर्ट साठवतात, तिथं मला बघता येतं. माझं कामच आहे ते सांभाळायचं."

अमृतानं तिच्याकडं नीट बघितलं. त्या भेटीत पहिल्यांदाच.

"मग बघू नका," ती म्हणाली, आणि परत परात घासायला लागली.

मुलगी झाली. हे सुकेशनीला साळूबाईंनी फोनवर सांगितलं. औषधं चालू असली, नीट काळजी घेतली, तर बाळाला आजार होत नाही असं बहुतेक वेळा होतं. पण खात्री करायची तर दीड वर्षाचं होईपर्यंत थांबावं लागतं.

अठरा साली उन्हाळ्यात परत पाण्याची बोंब सुरू झाली होती. त्या वर्षी पाऊसही दडी मारणार होता, पण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. एका सकाळी फर्दापूरच्या पेटीतून नळ्या आल्या. एका नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. सुकेशनीच्या आग्रहावरून एचआयव्हीच्या तपासण्यांना आता आकडाच द्यायचो. सोबतच्या कागदावर वय, दीड वर्ष. फर्दापूर केंद्रात एवढ्या लहान लेकराची ही तपासणी दुसऱ्या कुणाची येणार? सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. कदाचित तिथंही केली असेल. मग आमच्याकडं का पाठवली, ते मला आजही सांगता येत नाही.

नळ्यांची नोंद सुकेशनीच्या डोळ्यापुढूनच गेली. तिनं आकडा बघितला, वय बघितलं, गाव बघितलं. खुर्ची मागं सारून उठली आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभी राहिली.

तपासणी मी केली. निकाल भरला. संध्याकाळी साडेपाचला रिपोर्ट फर्दापूरच्या लिंकवर गेला. सुकेशनी तेव्हा आपल्या जागेवर बसली होती. पडद्यावर लिंकचा हिरवा ठिपका जरासा लुकलुकला, तेवढंच. दोन बटणं दाबली असती तर साठवणीतून तिला निकाल दिसला असता. कुणाला कळलं नसतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, लहान मुलं बसतात तसे.

मी हात धुऊन बाहेर आलो. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, विचारणार. मी काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवत होतो, आणि जुळत नव्हतं. तिनं विचारलं नाही. माझा चेहरा वाचायला लागू नये म्हणून तिनं मानच फिरवली आणि म्हणाली, "बद्रीभाऊ, आज तुम्ही पुढच्या दारानं जा ना. माझ्या टेबलाकडून नको."

मी पुढच्या दारानं गेलो.

साळूबाईंचा किंवा अमृताचा फोन येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आठ दिवस, महिना, वर्ष. कुणाचाही फोन आला नाही. फर्दापूरला कामाला जावं लागलं तरी ती त्या खानावळीकडं वळली नाही. तिला बोलावलेलं नव्हतं.

पुढं वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यानं तिला घेतलं. त्यांचे कारखाने तीन राज्यांत, त्यांच्या सगळ्या लिंकना कुलपं घालायचं काम. हाताखाली सहा माणसं आहेत. ती माणसं तिला घाबरतात असं ऐकलं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कुणी फाइल ठेवून आलं तर त्याला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवते म्हणे, बस चुकली तरी.

मागच्या दिवाळीत माझ्या घरी आली होती. केस पिकायला लागलेत. लॅबचं विचारलं, मालनबाईंच्या गुडघ्यांचं विचारलं. चहा पिताना मधेच गप्प झाली आणि तिचे ओठ हलले, तसेच, जुने. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. सात वर्षं झाली, त्या लेकराच्या नळीचा निकाल मला पाठ आहे. तिनं अजून विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितला नसता.